दोरावरचा एक दिवस

पेन्सिल्व्हेनियातल्या ॲलेघेनी डोंगरात आज लोक पाठीवर पिशवी टाकून ज्या वाटेने चालतात, तिथे 1834 ते 1854 अशी वीस वर्षं रेल्वे होती. फिलाडेल्फिया ते पिट्सबर्ग या मार्गावरचा कालवा या डोंगरापाशी अडला, म्हणून डोंगर ओलांडण्यापुरती 36 मैलांची रेल्वे बांधली. तिचं नाव ॲलेघेनी पोर्टेज रेलरोड. पूर्व टोकाला हॉलिडेजबर्ग, पश्चिम टोकाला जॉन्सटाऊन आणि मधे दहा चढ, पाच या अंगाला, पाच त्या. खाली दिलेला दिवस 1842च्या आसपासचा धरला आहे. माणसं मी कल्पिली आहेत, पण त्यांची कामं खरी आहेत.

पहाटे पाच. सहा नंबरच्या चढाच्या माथ्यावरच्या इंजिनघरात भट्टी पेटते. इथलं इंजिन रुळांवर धावत नाही, जागेवर बसून दोर ओढतं. इंजिनं दोन आहेत, एक चालू आणि एक राखीव. तागाचा (हेम्पचा) जाडजूड दोर चढाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत वर येतो. भट्टीवाला कोळसा टाकत असताना दुसरा माणूस दोरावरून हात फिरवत चालतो. रात्री पाऊस झाला असेल तर हे आधी बघावं लागतं. ऊन-पावसात हा दोर झिजतो, कुजतो, आणि तुटला तर खाली कोण आहे याचा विचार करत नाही.

सहा वाजता हॉलिडेजबर्गच्या धक्क्यावर एक बोट पाण्यातून बाहेर येते. ती तुकड्यातुकड्यांची आहे. एकेक तुकडा वाघिणीवर चढतो आणि आतलं सामान जागचं हलतही नाही. 1834 मध्ये जेसी क्रिसमन नावाच्या माणसाची ‘हिट ऑर मिस’ ही बोट, घरच्या माणसांसकट, वाघिणीवर चढून डोंगरापार गेली होती. कालव्यातली बोट डोंगर चढते आहे हे दृश्य ज्यांनी रोज पाहिलं, त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं असेल का? मला तरी तसं वाटत नाही.

सात ते दहा हे तास सगळ्यांत कष्टाचे. दहा, नऊ, आठ, सात, सहा असे पाच चढ एकापाठोपाठ येतात. प्रत्येक चढाच्या पायथ्याशी दोर बांधणारी माणसं उभी असतात. घोडा किंवा छोटं इंजिन सपाटीवरून वाघिणी आणून सोडतं. मग ही माणसं त्या दोराला बांधतात, एका खेपेला मोजक्याच. वर इशारा जातो, दोर ताणतो आणि वाघिणी माणसाच्या चालीने चढू लागतात. त्याच वेळी दुसऱ्या रुळांवरून उतरणाऱ्या वाघिणींचं वजन चढणाऱ्यांना हात देतं. मागे एक छोटा गाडा जोडलेला असतो. दोर तुटलाच तर वाघिणी अडवायचं काम त्याचं. आठ नंबरचा चढ सगळ्यांत लांब, तीन हजार फुटांहून जास्त. गाठ मारून झाल्यावर ती वर पोचेपर्यंत खालच्या माणसाची नजर तिच्यावरच राहत असणार.

या दोरांचा खर्च आणि धोका जॉन रोबलिंग या जर्मन अभियंत्याला खटकत होता. त्याने लोखंडी तारांचा दोर वळला, आणि पुढच्या काही वर्षांत तागाच्या दोराची जागा या दोराने घेतली. ब्रुकलिन पुलाचा आराखडा करणारा तो हाच.

माथ्यावर सॅम्युएल लेमनची खाणावळ लागते. प्रवासी उतरून जेवतात. मार्च 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स याच वाटेने गेला आणि या प्रवासाबद्दल त्याने ‘अमेरिकन नोट्स’मध्ये लिहिलं. दोर बांधणारे मात्र चढाच्या पायथ्याशीच उभे. त्यांच्या जेवणाची वेळ वाघिणी ठरवतात.

दुपार उताराची. चार चढ उतरून झाले की तेरा मैलांची सपाटी लागते आणि अंग सैल सोडता येतं.

चार वाजता स्टेपल बेंडचा बोगदा येतो. लांबी 901 फूट. अमेरिकेतला हा पहिला रेल्वे बोगदा. 1831 ते 1833 या काळात वेल्श खाणकामगारांनी तो दोन्ही बाजूंनी हातांनी पोखरला. छिन्नीने भोक पाडायचं, बंदुकीची दारू ठासायची, उडवायची, दगड उपसायचे. एका बाजूने दिवसभरात जेमतेम दीड फूट पुढे सरकायचं. बारा तासांचा दिवस, सहा दिवसांचा आठवडा, आणि पगार महिन्याला तेरा डॉलर, वर राहणं-जेवण. इतक्या कष्टाचा बोगदा रेल्वेसाठी वीसेक वर्षंच कामी आला, हे वाचल्यापासून मला चैन नाही. 1854 मध्ये पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने हॉर्सशू कर्व्हचा वळसा घालून डोंगर ओलांडला आणि दोरांची गरजच संपली. आपल्या खंडाळ्याच्या घाटातही 1863 पासून जिथे गाडीची दिशा उलटवत होते, ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 मध्ये असंच सुटलं.

पाच वाजता शेवटचा चढ उतरला की जॉन्सटाऊन. तिथल्या कालव्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडे, म्हणून साउथ फोर्कला धरण बांधायला घेतलं. ते पुरं होतं न होतं तोच रेल्वे बंद पडली. धरण विकलं गेलं, हातोहात फिरलं, देखभालीवाचून खचत राहिलं. 31 मे 1889 रोजी ते फुटलं आणि जॉन्सटाऊन परिसरातली 2,200हून जास्त माणसं गेली. या रेल्वेच्या वाटेवर नदी ओलांडणारा दगडी पूलही त्याच लोंढ्यात वाहून गेला.

2001 पासून बोगदा चालणाऱ्यांसाठी खुला आहे. मिनरल पॉइंटहून साधारण दोन मैल झाडांतून जावं लागतं. वाटेत जमिनीत रुतलेले चौकोनी दगड पायाखाली येतात. हे रेल्वेचे दगडी स्लीपर. रुळ बसवायला पाडलेली भोकं त्यांत अजून दिसतात आणि पावसाळी दिवसात त्यांत पाणी साचतं.