टॉवर झोपला, ट्रान्झिस्टर जागा!

लाइट गेली, नेट गेलं, मोबाइलवर एकही दांडी दिसेना. अशा वेळी शहरात नेमकं काय चाललंय हे तुम्हाला सांगणार कोण? 'ईएमपी'च्या हॉलिवूडछाप भीतीपासून घरातल्या पत्र्याच्या डब्यापर्यंत, इमर्जन्सी रेडिओचा हा साधासोपा फंडा...

२८ एप्रिल २०२५, सोमवार. दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालमधली वीज एका फटक्यात गेली. मेट्रो बोगद्यात अडकल्या, सिग्नल विझले, कार्ड स्वाइप होईना. थोड्या वेळाने मोबाइल नेटवर्कनेही मान टाकली. माद्रिदच्या चकाचक ऑफिसांमधून बाहेर पडलेली माणसं फुटपाथवर कशाभोवती गोळा झाली माहितीये? सेलवर चालणाऱ्या रेडिओभोवती! दुकानांतले ट्रान्झिस्टर बघता बघता संपले. ज्याच्याकडे रेडिओ होता, तो त्या दिवशी त्या गल्लीचा हीरो.

आता तुम्ही म्हणाल, स्पेनचं सोडा, आपल्याकडे काय? आपल्याकडे २६ जुलै २००५ आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरं अंधारात गेली आणि 'मी सुखरूप आहे' एवढं सांगायलाही फोन लागेना. १२ ऑक्टोबर २०२० आहे. त्या सोमवारी सकाळी मुंबई महानगरातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि वर्क फ्रॉम होम करणाऱ्यांचे राउटर मुके झाले. त्याच वर्षी ३ जूनला 'निसर्ग' वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळलं. रायगडच्या कितीतरी गावांत त्यानंतर दिवसेंदिवस ना लाइट होती, ना मोबाइलची रेंज. मुंबई-पुण्यात नोकरी करणारी मुलं गावच्या आई-बाबांना फोन लावून लावून दमली.

या प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता. चार्जिंग संपण्याचा नाही, तर खबर न मिळण्याचा. घरी थांबायचं की निघायचं? पाणी प्यायचं की उकळायचं? पूल चालू आहे की बंद? हे कळलं नाही की माणूस चुकीच्या वेळी चुकीच्या रस्त्यावर उतरतो.

मोबाइल का मरतो, रेडिओ का तरतो?

मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते. ती गेली की बॅटरी, मग डिझेल जनरेटर. बॅटरी काही तासांची सोबतीण, आणि पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून डिझेल आणणार कोण? त्यात सगळं शहर एकाच वेळी फोन लावायला लागलं की टॉवर जिवंत असूनही जाम. आपल्याकडे सरकारने २०२३ मध्ये मोबाइलवर मोठ्ठा आवाज करणारे इमर्जन्सी अलर्ट पाठवून पाहिले. आयडिया झकास, पण अलर्ट येणार टॉवरवरूनच!

रेडिओचा हिशोब उलटा. एक स्टेशन बोलतं, बाकी सगळे ऐकतात. दहा जण ऐकोत नाहीतर एक कोटी, ट्रान्समीटरवर लोड सारखाच. एका ठिकाणचा जनरेटर चालू राहिला की अख्ख्या शहराला आवाज पोहोचतो. म्हणूनच युरोपियन युनियनने मार्च २०२५ मध्ये नागरिकांना ७२ तास पुरेल एवढी तयारी घरात ठेवायला सांगितलं, आणि अशा तयारीच्या याद्यांमध्ये पाणी, टॉर्चच्या सोबत रेडिओ हमखास असतो.

आणि हे ईएमपी काय प्रकरण आहे?

इमर्जन्सी रेडिओ ऑनलाइन शोधायला जा, दोन-चार क्लिकमध्ये तुम्ही 'ईएमपी प्रूफ' पिशव्यांपर्यंत पोहोचता. ईएमपी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक पल्स, विद्युतचुंबकीय लहरींचा एक जबरदस्त झटका. 'गोल्डनआय', 'मॅट्रिक्स', 'ओशन्स इलेव्हन'... हॉलिवूडने तो इतक्यांदा वापरलाय की सगळं काल्पनिकच वाटावं. पण तो खरा आहे.

९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावरून रॉकेट सोडून, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला. चाचणीचं नाव 'स्टारफिश प्राइम'. जवळपास १४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाईत रस्त्यावरचे सुमारे ३०० दिवे गेले, चोरांसाठी लावलेले अलार्म आपोआप वाजायला लागले. स्फोटातले गॅमा किरण हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात गिरकी घेतात आणि त्यातून हा झटका तयार होतो. त्याचा पहिला फटका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा इतका झटपट, आणि नाजूक चिपचा शत्रू तोच. १९६३ च्या करारानंतर अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने अशा चाचण्या थांबवल्या.

दुसरा संशयित म्हणजे आपला सूर्य. आणि इथे मुंबईकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! सप्टेंबर १८५९ मध्ये आलेलं सौरवादळ नोंदींमधल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक. तारायंत्र चालवणाऱ्यांना झटके बसले. अमेरिकेत काही तारा तर बॅटरी काढून ठेवल्यावरही चालत राहिल्या. त्या वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती हललं, याची जगातली सर्वांत मोलाची नोंद आहे आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेची. शास्त्रज्ञ आजही त्या आकड्यांवर काम करतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने उपकरणं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे चुंबकीय काम अलिबागला हलवलं गेलं. वीकएण्डला बीचवर जाताना ती वेधशाळा जवळच असते, आपल्याला पत्ता नसतो इतकंच.

पण फरक समजून घ्या. सौरवादळाचा झटका संथ असतो, मिनिटं-तास चालणारा. तो पकडला जातो शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्यांमध्ये. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांतात अशाच वादळाने ६० लाख लोकांची वीज सुमारे नऊ तास घालवली. मात्र तुमच्या ड्रॉवरमधल्या वीतभर रेडिओत त्याला पकडायला लांब तारच नाही! मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं, लडाखच्या हानलेमध्ये आकाश लाल झालं, फोटो व्हायरल झाले. तुमचा लॅपटॉप मात्र निवांत चालू होता.

थोडक्यात काय, सूर्य तुमचा रेडिओ जाळणार नाही. फार तर ग्रिड पाडेल. आणि ग्रिड पडायला सूर्यच लागतो असंही नाही. स्पेनमध्ये लोकांनी सायबर हल्ल्यापासून काय काय तर्क लढवले. सरकारी अहवालात कारण निघालं साधंसं वाटणारं: व्होल्टेज हाताबाहेर वाढत गेलं आणि वीजकेंद्रं एकामागून एक बंद पडली. म्हणजे तयारी करायची ती आधी लाइट आणि रेंज जाण्याची. ईएमपीचा बंदोबस्त त्याच्यासोबत जवळजवळ फुकटात होतो. कसा, ते पुढे.

रेडिओ घेताना...

साधा, चांगला पोर्टेबल रेडिओ एक-दोन हजारांत येतो. लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तपकीर गल्ली गाठा किंवा ऑनलाइन मागवा. पण घेताना एवढं बघाच.

*सेल कुठले?* साधे पेन्सिल सेल घालता येणारा रेडिओ पहिली पसंती. हे सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. आतच बसवलेली छोटी बॅटरी दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहिली की ऐन वेळी दगा देते.

*हॅण्डल हवं का?* हाताने फिरवून चालणाऱ्या रेडिओची कल्पना लोकप्रिय केली ती ब्रिटिश संशोधक ट्रेव्हर बेलिस यांनी, १९९० च्या दशकात. आफ्रिकेत एड्सची माहिती वीज नसलेल्या गावांपर्यंत कशी पोहोचवायची, या प्रश्नातून त्यांना ते सुचलं. आजच्या इमर्जन्सी मॉडेल्सना हॅण्डल, छोटं सोलर पॅनेल, टॉर्च आणि मोबाइल चार्जिंग असं सगळं असतं. हॅण्डल असलेलं चांगलंच. पण त्यावर मोबाइल फुल चार्ज करायची स्वप्नं बघू नका, मनगट आधी डिस्चार्ज होईल! सोलर पॅनेल तळहाताएवढं, त्यात जुलै महिना... समजून घ्या.

*बॅण्ड कुठले?* एफएम हवाच. त्याचा आवाज स्वच्छ, पण पल्ला शहर आणि आसपासचा. मिडियम वेव्ह, म्हणजे डायलवर एएम लिहिलेलं असतं ते, दूरवर जातं, रात्री तर फारच दूर. तुमचं स्थानिक स्टेशनच बंद पडलं तर लांबचं कुणीतरी ऐकू यावं यासाठी तो हवा. शॉर्टवेव्ह असला तर बोनस.

*'डब्ल्यूबी'ला भुलू नका.* परदेशी मॉडेल्सच्या खोक्यावर 'वेदर बॅण्ड' ठळक छापलेला असतो. ती अमेरिका-कॅनडातली हवामान सेवा. आपल्याकडे तिथे फक्त खरखर ऐकू येईल. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

*डायल की डिजिटल?* डिजिटलमध्ये स्टेशन पटकन लागतं, डायलवाला सेल कमी खातो आणि आजीलाही अंधारात लावता येतो. घरात कोण कोण आहे ते बघून ठरवा.

*वॉकीटॉकी?* दिसायला कूल, पण ते बोलायचं यंत्र. बरेचसे परदेशी सेट लायसन्सशिवाय वापरणं बेकायदा आहे. ऐकण्याच्या रेडिओला तसली भानगड नाही.

मोबाइलमध्ये एफएम असतं की, असं वाटत असेल तर आत्ताच तपासा. ज्यात खरा एफएम रिसीव्हर आहे त्याला बहुतेकदा वायरचा इअरफोन लागतो, कारण ती वायरच अँटेना. ब्लूटूथवाल्यांनो, नोट करा! नेटवरून वाजणारं रेडिओ अ‍ॅप म्हणजे रेडिओ नव्हे, नेट गेलं की तेही गेलं.

आणि ऐकायचं काय? खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. ट्रॅफिक-पाऊस ते सांगतात, पण बातमीपत्रासाठी आकाशवाणी. घरी बसून तुमच्या भागात आकाशवाणीची कुठली स्टेशन नीट लागतात ते शोधा आणि त्यांचे आकडे रेडिओच्या पाठीवर चिकटवा.

डब्यातला फॅरडे

आता ईएमपीचा बंदोबस्त. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवून दिलं की चारही बाजूंनी धातूने बंद केलेल्या पेटीच्या आत बाहेरचा विद्युत प्रभाव पोहोचत नाही. झटका पत्र्यावरून बाहेरच्या बाहेर वाहून जातो. यासाठी हजारोंची पिशवी कशाला? दिवाळीत ऑफिसात येतो तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे ना?

डब्याला आतून पुठ्ठा लावा. तळाला, बाजूंना, झाकणालाही. वस्तू पत्र्याला टेकता कामा नये. रेडिओची अँटेना आत ढकला, चार्जरची आणि इअरफोनची वायर काढा. लांब वायर म्हणजे झटक्याला आमंत्रणच. झाकण घट्ट बसायला हवं, आणि जिथे ते टेकतं तिथला रंग खरवडून पत्र्याला पत्रा लागू द्या. खरा शत्रू फट आहे. तिच्यावरून अ‍ॅल्युमिनियमची टेप फिरवली की काम फत्ते. अर्थिंगची वायर जोडायची गरज नाही.

मग टेस्ट घ्या. रेडिओवर जोरात लागणारं एफएम स्टेशन लावा, आवाज मोठा करा, डब्यात ठेवून झाकण लावा. गाणं चालूच? डबा गळका आहे. नुसती खरखर? शाब्बास! ही ईएमपीची पूर्ण परीक्षा नव्हे, पण फटी मात्र लगेच पकडते.

'मायक्रोवेव्हमध्ये ठेवा' हा सल्ला विसरा. त्याचं कवच त्याच्या स्वतःच्या लहरींपुरतं बनवलेलं असतं. कुकरही नको, झाकण आणि भांड्याच्या मध्ये रबरी रिंग, म्हणजे फटच. लोखंडी कपाटाच्या दाराभोवती तर फटीच फटी. आणि स्पाइक गार्ड? विजेच्या चढउतारापासून टीव्हीला तो थोडाफार वाचवेल, पण ईएमपीचा पहिला फटका त्याच्यापेक्षा चपळ आहे. वीज कडाडत असताना प्लग काढणं हाच जुना उपाय आजही बेस्ट.

एका शनिवारी उरकून टाका

* रेडिओ डब्यात. पेन्सिल सेल शेजारी वेगळ्या पिशवीत. रेडिओत घालून ठेवलेले सेल गळतात आणि रेडिओच खाऊन टाकतात.
* सोबत छोटी टॉर्च, पॉवर बँक, महत्त्वाच्या कागदपत्रांचा पेन ड्राइव्ह. ओलाव्यासाठी सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या.
* कागदावर लिहिलेले पाच फोन नंबर. खरं सांगा, आईचा सोडून कुणाचा नंबर पाठ आहे?
* डबा पलंगाखाली खोल नको. पाणी शिरलं तर तिथेच आधी शिरतं. वरच्या फळीवर ठेवा.
* वर्षातून दोनदा, मे संपताना आणि दिवाळीच्या साफसफाईत, डबा उघडा, सेल घाला, स्टेशन लावून बघा.
* गावी आई-बाबा असतील तर असाच दुसरा डबा त्यांच्यासाठी. पुढच्या खेपेला घेऊनच जा.

एके काळी रेडिओ ठेवायला पोस्टात लायसन्सचे पैसे भरावे लागत. आज तो एका पिझ्झा पार्टीच्या बिलात येतो, आणि आपण 'जुनाट' म्हणून घेत नाही. पुढच्या पगारात एक गॅजेट असं घ्या, ज्याला पासवर्ड नाही, अपडेट नाही, रेंज नाही. फक्त सेल घाला आणि कान द्या.