फटीचा की बिनफटीचा

सकाळी सहा. डोळे उघडले की आधी फोन बघतो, देवाचं नाव त्यानंतर. रत्नागिरीतल्या माळनाक्याच्या एका गिऱ्हाइकाचा गेम कन्सोल, सोनीचा पीएस फाइव्ह, काल रात्री दुकानातच ठेवून घेतलाय. बिनफटीचा, म्हणजे सीडी घालायची सोयच नसलेला. गेम 100 जीबीचा, आणि त्याच्या घरी इंटरनेट म्हणजे मोबाइलचे रोजचे 2 जीबी. त्या हिशेबाने पन्नास दिवस, आणि तोवर घरात कुणी व्हॉट्सअॅप उघडायचं नाही. माझ्या दुकानातली लाइन 40 एमबीपीएसची. सगळं सुरळीत चाललं तर साडेपाच तासांचं काम. पण जूनचा शेवटचा आठवडा आहे. रात्री दोनला कुठेतरी तारेवर फांदी पडली आणि आकडा 61 टक्क्यांवर अडकून बसलाय.

2003 साली दुकान काढलं तेव्हा व्हीसीडी भाड्याने द्यायचो, दिवसाचे दहा रुपये. आता गेम उतरवून द्यायचे शंभर घेतो. माल माझा नाही, मशीन माझं नाही. भाड्याने देतो ती वायर.

साडेनऊ. मारुती मंदिरापाशी शटर वर केलं की पहिलं काम नाकाचं. कपाट उघडून वास घ्यायचा. ओलसर वास आला तर सगळ्या सीड्या काढून पुसायच्या. शोकेसमध्ये पावसाळाभर पिवळा बल्ब जळत ठेवतो, आणि औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या समोरचा केमिस्ट माझ्यासाठी साठवतो. सीडीला बुरशी लागते हे घाटावरच्या माणसाला पटत नाही. 2001 साली बेलीझ देशातून आलेल्या एका सीडीचा ॲल्युमिनियमचा थर बुरशीने खाल्लेला स्पेनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवला होता. तिथली हवाही आमच्यासारखीच, दमट आणि उकाड्याची. माझ्याकडची बुरशी सुदैवाने वरवरची, पुसली की जाते.

रत्नागिरीत सगळ्यालाच सीडी म्हणतात. 700 एमबीची खरी सीडी, 4.7 जीबीची डीव्हीडी, 50 जीबीची ब्लू-रे, पीएस फाइव्हची 100 जीबीपर्यंत जाणारी, सगळ्या सीड्याच. जसा कंट्रोलर म्हणजे रिमोट. वरच्या खणात न विकायच्या सीड्या आहेत. त्यात 2009 सालची ‘हनुमान: बॉय वॉरियर’, हैदराबादेत बनलेला पीएस टूचा गेम. खेळायला कंटाळवाणा, पण आपल्याकडे बनला म्हणून ठेवलाय. पीएस टूला इंटरनेटवरचं दुकान नव्हतंच. सीडी गेली की गेम गेला.

खालच्या खणात मोझर बेअरच्या व्हीसीडी, 28 रुपयांच्या. त्या किमतीने चोरट्या सीड्यावाल्यांना गार केलं, आणि मलाही. 28 रुपयांत घरची होते तर दहा रुपये भाडं कोण देणार? मग लोक फोनवर सिनेमे बघायला लागले आणि 2018 साली ती कंपनीच अवसायनात निघाली. ‘डिस्क संपणार’ असं कुणी सांगितलं की मी फारसा दचकत नाही. माझ्या दुकानात ती एकदा संपून झालीय.

अकरा. दुरुस्तीची वेळ. पहिला पीएस फोर, तक्रार अशी की ‘सीडी आत घेतो आणि बाहेर टाकतो’. सीडी बघितली तर तिच्यावर टूथपेस्ट. हा उपाय आमच्याच पिढीने पसरवला, आणि त्या काळी तो चालायचाही. खऱ्या सीडीत माहितीचा थर वाचायच्या बाजूपासून 1.2 मिलिमीटर आत, लेबलच्या लगत असतो. खालचं प्लास्टिक घासायला वाव असतो. डीव्हीडीत तो मधोमध, 0.6 वर. ब्लू-रेत फक्त 0.1 मिलिमीटरवर. वरून कडक लेप असतो म्हणून साधासुधा ओरखडा उमटत नाही, पण उमटला तो खोलच, आणि तो घासून काढायला जावं तर आंबा सोलताना कोयच हाताला लागावी तसं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. ही सीडी वाचली. तिच्या मालकाला पुन्हा तेच करायचं नाही असं सांगितलं, तो करणार.

दुसरा पीएस फाइव्ह राजिवड्याचा, मामाने कुवेतहून आणलेला. ड्राइव्हची मोटर गेलेली. मोडीतल्या मशीनचा अख्खा ड्राइव्ह काढून बसवला तर चालत नाही. ड्राइव्हच्या बोर्डाची त्या मशीनच्या मदरबोर्डाशी गाठ बांधलेली असते, म्हणून बोर्ड मूळचाच ठेवून बाकीचं बदलायचं. तास गेला. 2023 च्या नव्या स्लिममध्ये ड्राइव्ह काढता-घालता येतो, पण पहिल्यांदा बसवताना इंटरनेटवरून कंपनीची मान्यता लागते. ज्याच्याकडे इंटरनेट धड नाही तोच तर सीडी घेतो. हे ज्याने ठरवलं त्याला जूनमध्ये एकदा रत्नागिरीत आणून ठेवला पाहिजे. 2024 च्या प्रोला तर मुळात फटच नाही. ड्राइव्ह वेगळे पैसे मोजून घ्यायचा.

मध्येच चिपळूणहून फोन. “काका, सोनीने ब्लू-रे बंद केली म्हणे?” केली ती कोरी, आपण रेकॉर्ड करायची, फेब्रुवारी 2025 मध्ये. गेमची सीडी कारखान्यात छापून येते, तिचा त्याच्याशी संबंध नाही. त्याला समजावलं. तरी चार सीड्या विकतो म्हणाला. मी घेतल्या.

दीड ते साडेचार. शटर खाली. बाजारात ताजं काही नाही. सुकटीची चटणी, आमटी, भात, झोप.

साडेचार. खरा धंदा आता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. मिरकरवाड्याच्या बोटी शाकारून ठेवल्यात आणि पोरं मोकळी आहेत. चार-पाच जण एकाच छत्रीतून आल्यासारखे भिजून येतात. नवा गेम पाच हजारांपर्यंत जातो, तो कुणी घेत नाही. एक सीडी द्यायची, दुसरी घ्यायची, फरकाचे दोनशे-तीनशे. दुबईहून आलेल्या, पाठीवर अरबी छापलेल्या सीड्याही यात फिरतात. गेम चालतो, पण वरच्या जोडण्या त्याच देशाच्या खात्यावरून घ्याव्या लागतात, हे दर वेळी सांगावं लागतं.

जीटीए फाइव्ह या गेमची पीएस फोरवरची एक प्रत माझ्याकडे आहे. प्रत्येक फेरीला कव्हरच्या कोपऱ्यात पेनाने बारीक रेघ मारतो. आज तेरावी मारली. तेरा घरांत खेळून झालं, कंपनीला पैसे एकदाच मिळाले. कंपनीच्या डोळ्यांनी बघितलं तर मी जवळजवळ चोरच. 2013 साली मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन कन्सोलवर जुन्या सीड्यांच्या विक्रीला लगाम घालायचं जाहीर केलं, जगभर ओरड झाली आणि जूनमध्येच माघार घ्यावी लागली. मग 2019 मध्ये बिनफटीचा एक्सबॉक्स वन एस आला, 2020 मध्ये सिरीज एस. त्यावर फारसं कुणी ओरडलं नाही, कारण तो स्वस्त होता. माझ्या मते लगाम तोच, फक्त सवलतीच्या दरात विकलेला.

पोरांना यातलं काही सांगत नाही. त्यांना सहाच्या आत घरी पोचायचं असतं, लाइट असेतो.

साडेसहा. निवृत्त प्राथमिक शिक्षक, सोबत नातू. दहावीला चांगले गुण, म्हणून पीएस फाइव्ह. नातवाला बिनफटीचा हवा, दिसायला सडपातळ म्हणून.

“फरक किती?” गुरुजींनी विचारलं.

“भारतात आला तेव्हा, 2021 मध्ये, फटीचा 49,990 आणि बिनफटीचा 39,990. आता भाव बदललेत, पण फटीचे पैसे जास्तच.”

“एका भोकाचे दहा हजार!”

“ते चार-पाच गेमांत फिटतं, गुरुजी. सीडी खेळून झाली की मी अर्ध्या किमतीला परत घेतो. डाउनलोडवाला मी नाही घेत, कुणीच नाही घेऊ शकत.”

“विकत घेतलेलं असूनही?”

मग बसूनच बोलणं झालं. इंटरनेटवरच्या दुकानात बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं असतं, पण मिळतो तो नुसता परवाना. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून कायदाच आहे, की असं असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. गुरुजी म्हणाले, “म्हणजे वाचनालयाचं पुस्तक, पण किंमत अख्ख्या पुस्तकाची.” हे मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

पण त्यांना अर्धंच सांगणं बरं दिसलं नसतं. सीडीतही पहिल्यासारखं काही राहिलेलं नाही. पीएस फोरचा ड्राइव्ह सेकंदाला 27 एमबी वाचतो, पीएस फाइव्हच्या आतली एसएसडी साडेपाच जीबी, म्हणजे दोनशेपट. सीडीवरून थेट खेळणं आता शक्यच नाही. आधी सगळा गेम आत उतरवायचा, मग सीडी नुसती किल्ली. आणि कधी कधी तर निव्वळ किल्लीच. 2022 च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर टू’च्या सीडीवर सुमारे 70 एमबी होते, बाकी सगळं इंटरनेटवरून. ‘द क्रू’ हा 2014 चा गाड्यांचा गेम. 31 मार्च 2024 ला कंपनीने सर्व्हर बंद केले, आणि ज्यांच्याकडे सीडी होती त्यांचाही गेम संपला. 2025 मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच टूच्या काही कार्डांत गेमच नसतो, तो उतरवून घ्यायची परवानगी असते. पण ते कार्ड निदान दुसऱ्याला विकता येतं. त्यामुळे मी ती तडजोड नावं न ठेवता मानतो.

“मग तुम्ही काय म्हणता?”

“फटीचाच घ्या. आणि सीडी घेण्याआधी मला विचारा, आत काय आहे ते.”

नातू फोनमध्ये बघत होता. “विचार करून सांगतो,” म्हणून दोघं गेले. वर्गात गणित न सुटल्यावर गुरुजी असेच निघत असतील.

साडेआठ. मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या बसने येणारं पार्सल महामार्गावर कुठेतरी अडकलंय, ते उद्या. वही लिहिली. आज सीड्या आल्या नऊ, त्यात चिपळूणच्या चार धरल्यात, गेल्या सात. दुरुस्ती दोन. बल्ब चालू ठेवून कपाट बंद केलं.

लाइन दुपारी परत आली होती, माळनाक्याच्या गिऱ्हाइकाचा गेम साडेसातला पुरा उतरला. उद्या तो मशीन न्यायला येईल. दोन महिन्यांनी कंटाळा आला की या गेमचे किती देणार, हे त्याने मला अजून विचारलेलं नाही.