नौकेवरील यंत्रे आणि खारे पाणी

पाचूबंदरपासून अर्नाळ्यापर्यंतचे आपले मच्छीमार बांधव ज्या नौका घेऊन समुद्रात जातात, त्यांवर आता होकायंत्राच्या जोडीला जीपीएस, फिश फाइंडर आणि व्हीएचएफ बिनतारी संच आले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशातील १ लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा शुभारंभ झाला. इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारलेले हे यंत्र मोबाइलची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत संकटाचा संदेश किनाऱ्यावर पोहोचविते. मात्र ही सारी यंत्रे ऐन वादळात चालू राहिली, तरच त्यांचा उपयोग. म्हणून ती कशी बसवावीत, हे आपण समजून घेऊ या.

यंत्रावर 'आयपी ६७' असे लिहिलेले असते. त्यातील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवितो, तर ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरण्याची क्षमता. परंतु ही चाचणी स्थिर पाण्यातली असते. पाण्याच्या जोरदार माऱ्याची चाचणी वेगळी असून तिचा अंक 'आयपीएक्स ६' असा लिहितात. शिवाय प्लग नीट बसलेला किंवा झाकण लावलेले असेल, तरच हा दर्जा टिकतो.

आम्हांला येथे एकच गोष्ट ठसवावयाची आहे : खारे पाणी बहुधा यंत्रातून नव्हे, जोडातून शिरते. साध्या तांब्याच्या तारेत ते आतल्या आत पसरते आणि तार काळी पडून झिजते. म्हणून कथिलाचा मुलामा असलेली तार घ्यावी. जोड नुसत्या चिकटपट्टीने न गुंडाळता दाबून बसवावा व त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. तार पेटीत खालून न्यावी आणि तिला आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथूनच गळून पडते. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तारांच्या जोडावर लावू नये. त्यातील आम्लाने तांबे गंजते.

अनेक यंत्रे 'एनएमईए २०००' या जाळ्याने जोडली जातात. त्याच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक लागतो. वीज बंद करून दोन्ही डेटा तारांमध्ये मापन केल्यास सुमारे ६० ओहम यावेत. १२० आल्यास एक रोधक नाही किंवा तार तुटली आहे, असे समजावे.

बिनतारी संचाला मात्र बॅटरीपासून स्वतंत्र तार व स्वतंत्र फ्यूज द्यावा. बाकीचे जाळे बंद पडले, तरी मदतीची हाक थांबता कामा नये. १६ क्रमांकाचा चॅनेल संकटासाठी व हाक देण्यासाठी राखीव आहे; नेहमीचे बोलणे दुसऱ्या चॅनेलवर करावे.

पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर असते. त्या दिवसांत जाळी विणताना एकेक जोडही उघडून पाहावा. हिरवट थर दिसल्यास तो खरवडून भागवू नये; तेवढा भाग कापून नवा जोड द्यावा.