खालचा बेड

सकाळी 7. दुबईतल्या ऊद मेथा मेट्रो स्टेशनवर उतरून चालत रुग्णालयात. रस्ता शाळेच्या बसगाड्यांनी तुंबलेला.

7.30. पहिलं काम मापनयंत्राची तपासणी. सीझियम-137ची कुपी शिशाच्या डब्यातून चिमट्याने उचलायची, यंत्रात सोडायची. आकडा जुळला तरच पुढे.

हेच सीझियम बिकिनी बेटावरच्या नारळांत उतरलं होतं. अणुचाचण्यांसाठी 1946 मध्ये तिथल्या लोकांना उठवलं. 1968 मध्ये अमेरिकेने बेट सुरक्षित म्हटलं, काही कुटुंबं परतली, आणि 1978 मध्ये पुन्हा निघाली. झाडाला सीझियम आणि पोटॅशियम यांतला फरक कळत नाही; ते मुळांवाटे नारळात जातं, तिथून पोटात. माणसं रोज काय आणि किती खातात, हा हिशेब कमी धरला गेला. मी कोकणातली. नारळ वगळून जेवा, असं आमच्या घरी सांगणारा माणूस किती दिवस टिकेल?

10. साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर. थायरॉइड वाढलाय, 15 मिलिक्युरी आयोडीन-131ची कॅप्सूल द्यायची आहे. फॉर्मवर ‘स्वतंत्र खोली’पुढे खूण आहे.

‘‘दादा, राहता कुठे?’’

‘‘सोनापूरला, कॅम्पात.’’

‘‘खोलीत एकटेच?’’

‘‘नाही हो मॅडम, सहा जण. माझा खालचा बेड. वर गावचाच पोरगा असतो.’’

‘‘मग ही खूण?’’

‘‘मला वाटलं, स्वतंत्र बेड विचारताय.’’

चूक त्यांची नाही. सहा जणांच्या खोलीत बेड हीच स्वतःची जागा. प्रश्न आम्हीच नीट विचारायला हवा होता.

11. कागदावर मांडते. कॅप्सूल घेतल्यावर त्यांच्या अंगातून एक मीटरवर तासाला सुमारे 30 मायक्रोसिव्हर्ट किरणोत्सर्ग. वरचा बेड साधारण तेवढाच दूर. आठ तासांची झोप म्हणजे 240. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा 1000. त्या पोराच्या वाट्याचा जवळपास पाव हिस्सा पहिल्याच रात्रीत संपणार. अंतर दुप्पट केलं तर मात्रा चौथाईवर येते, पण त्या खोलीत अंतर आणायचं कुठून?

12.30. डॉक्टरांशी बोलून आजची कॅप्सूल रद्द. मग कंपनीच्या कॅम्प-बॉसला फोन. दोनदा समजावल्यावर म्हणाले, पुढच्या गुरुवारी एक खोली रिकामी होते.

3. टेबलं, सिंक, कचरापेट्या यांवरचा किरणोत्सर्ग मोजून झाला. सगळं ठीक.

4.30. दादांना फोन. ‘‘गुरुवारी या. तोवर डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवा.’’

‘‘पोराला काही झालं नसतं ना?’’

‘‘लगेच काही जाणवलं नसतं. पण त्याला न विचारता त्याच्यावर ते कशाला घालायचं?’’

फॉर्मवरची जुनी खूण खोडली. शेजारी लिहिलं : सहा जण, बंकबेड, जेवण एकत्र.