जुने विमान विकत घेताना

जुनी मोटार घेणारा मनुष्य प्रथम तिचे एंजिन ऐकतो. जुने हलके विमान घेऊ इच्छिणाऱ्याने मात्र प्रथम कागद वाचावेत, असे माझे मत आहे. आणि ते केवळ सरकारी नोकरीत जडलेल्या सवयीमुळे झालेले नाही.

आपल्याकडे असा शोध घेणाऱ्याच्या दृष्टीस बहुधा ‘पुष्पक’ पडेल. बंगळूरच्या ज्या हिंदुस्थान कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे मुख्य रचनाकार होते, तेथे तयार झालेले हे दोन आसनी विमान १९५८ साली प्रथम उडाले व पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत नवशिक्यांच्या हाती गेले. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि ९० अश्वशक्तीचे एंजिन, एवढाच त्याचा संसार.

हे कापडच खरेदीदाराला फसवते. ताजा रंग दिला की विमान नवे दिसते. पण शेपटीकडच्या नळ्यांत पावसाचे पाणी साचून गंज आतून धरतो. लाकडी पंखांची विमाने असतील, तर ओलीने सरसाचे सांधे सुटतात. दिल्लीचा कोरडा उन्हाळा आणि दमट श्रावण यांच्या फेऱ्यात लाकूड आक्रसते, फुगते. कापड न काढता यातले फारसे काही कळत नाही. ते शेवटचे केव्हा काढले, कोणती नळी बदलली, एंजिन किती तास चालले, हे लॉगबुकच सांगते. लॉगबुक हरवलेले एंजिन कितीही चकचकीत असो, त्याचा प्रत्येक भाग उकलून मोजावा लागतो. तो खर्च विमानाच्या किमतीहूनही अधिक होऊ शकतो. उड्डाणयोग्यतेचा दाखला हवा असेल, तर यातून सुटका नाही. ज्याला विमान केवळ मांडून ठेवायचे आहे, त्याची गोष्ट निराळी.

दिल्लीलगतच्या हिंडन तळावर २०१२ च्या वायुसेनादिनी ‘टायगर मॉथ’ हे १९३१ च्या रचनेचे दुपंखी विमान आकाशात गेले. त्याचा जीर्णोद्धार ब्रिटनमध्ये करवून घ्यावा लागला. त्या जातीचे कारागीर व सुटे भाग तिकडे अजून मिळतात. म्हणून विमान निवडताना आधी त्याच्या एंजिनाचे भाग कोठे मिळतात याची चौकशी करावी. या बाबतीत पुष्पकचा मालक बराच सुदैवी. त्याचे कॉन्टिनेंटल एंजिन जगभर परिचित आहे.

आणखी एक. दाखल्याविना विमान उडवत आणता येत नाही. पंख उतरवून ते ट्रकने आणावे लागते. पुष्पकचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३६ फूट भरतात. विसार देण्यापूर्वी आपली शेड मोजून घ्यावी.