तीस वर्षांची मर्सिडीज घरी आणताना

आखाती देशांत नोकरी करून परतलेल्या आपल्या कोकणातल्या माणसांच्या गप्पांत एक गाडी हमखास येते. चौकोनी चेहरा, बॉनेटच्या टोकावर उभा तारा आणि दार लावताना येणारा जड, भरीव आवाज. आमच्या अब्बांनी कुवेतमध्ये 18 वर्षे मालकाची अशी मर्सिडीज चालवली. मागच्या वर्षी आम्ही भावंडांनी मिळून त्याच जातीची एक गाडी खेडला घरी आणली. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे लोक विचारतात, "जुनी मर्सिडीज स्वस्तात मिळते म्हणे, घ्यावी का?" स्वस्तात मिळते हे खरे. पण ती सांभाळायची कशी, ते घेण्याआधी समजून घ्यायला हवे.

गाडीची ओळख

मर्सिडीजने 1984 च्या अखेरीस ही मालिका काढली. कंपनीतले तिचे नाव डब्ल्यू 124. कंपनीचे तेव्हाचे डिझाइन प्रमुख ब्रुनो साको मूळचे इटलीचे. समोरच्या काचेवर एकच वायपर असतो. फिरताना तो लांब-आखूड होतो आणि काचेचा 86 टक्के भाग पुसतो. कोकणच्या पावसात त्याची किंमत कळते. सगळे प्रकार धरून अशा सुमारे 27 लाख गाड्या बनल्या. जर्मनीत तर त्या टॅक्सी म्हणूनही धावल्या.

महाराष्ट्राशी तिचे नाते जवळचे आहे. 1954 पासून 15 वर्षे टाटांचे ट्रक मर्सिडीजबरोबरच्या करारातून बनत. जुने ड्रायव्हर अजून 'टाटा मर्सिडीज' म्हणतात ते त्यामुळे. पुढे 1994 मध्ये टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीजची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि 1995 पासून पुण्यात डब्ल्यू 124 तयार होऊ लागली. आमची ई 220 त्यातलीच, 2.2 लिटर पेट्रोल इंजिनाची.

आधी घरात मशवरा

सर्वांत मोठा विरोध अब्बांचाच होता. "एवढ्या पैशात घराचे छप्पर नवे होईल," ते म्हणाले. अम्मीने वेगळेच विचारले, "हा पैसा कुणाच्या वाट्याचा तर नाही ना?" धाकट्या बहिणीची फार्मसीची फी आणि अम्मीच्या गुडघ्याचे ऑपरेशन, दोन्ही समोर होते. मग आम्ही थांबलो. ऑपरेशन झाले, फीची सोय झाली, छप्परही बदलले. त्यात दोन वर्षे गेली. बाजूला ठेवलेल्या रकमेवर वर्ष भरले तेव्हा तिची जकात आधी काढली. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हे पहिल्यापासून ठरले होते. तसेही इतक्या जुन्या गाडीला बँका सहसा कर्ज देत नाहीत.

रकमेचे तीन भाग केले. दोन भाग खरेदीसाठी, तिसरा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी. या तिसऱ्या भागाला कितीही चांगली गाडी दिसली तरी हात लावायचा नाही, असे ठरवले. जुनी आलिशान गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही हाच सल्ला देऊ. गाडी 30 वर्षांची झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. ते मर्सिडीजच्याच भावाने येतात.

पत्र्याखाली काय आहे?

पहिली गाडी आम्ही एका विक्रेत्याकडे पाहिली. रंग आरशासारखा. आमच्या गावातल्या मिस्त्रीचाचांनी ती रॅम्पवर चढवायला लावली आणि दारांखालचे प्लास्टिकचे पॅनल काढले. आत जॅक लावायच्या जागा गंजून मऊ झाल्या होत्या, वरून नुसता काळा लेप दिलेला. आम्ही सलाम करून निघालो.

म्हणून या गाडीत आधी जॅकच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, पुढची मडगार्ड आणि डिकीत स्टेपनीखालचा खळगा पाहावा. इंजिनचे काम करता येते, गंजलेल्या सांगाड्याचे काम खर्चाच्या बाहेर जाते. दुसरी गोष्ट वायरिंगची. 1990 च्या दशकाच्या पहिल्या निम्म्या काळातल्या बऱ्याच मर्सिडीज इंजिनांच्या तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळते. ते बदलले आहे का, हे बिलासह विचारावे.

दुसरी गाडी पुण्यातल्या एका निवृत्त गृहस्थांची होती. त्यांनी चहाआधी फाइल पुढे ठेवली आणि एका कागदावर गाडीचे सात दोष स्वतःच्या हाताने लिहून दिले. वायरिंग मात्र त्यांनी आधीच बदलले होते. किंमत पहिल्या गाडीपेक्षा जास्त होती. अब्बांनी तो कागद दोनदा वाचला आणि फक्त "हीच" म्हणाले.

कागदपत्रे आणि खर्च

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नोंदणी कधी संपते ते सौद्याआधी पाहा. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. काही जण 'व्हिंटेज आहे' म्हणून किंमत वाढवतात. 2021 च्या केंद्रीय नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे 50 वर्षांहून जुने वाहन. ही गाडी त्यात बसत नाही. विमा घेताना पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून फोटो आणि बिले जपून ठेवावीत.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. 1990 च्या दशकातले रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. आम्ही इंधनाचे सगळे पाइप लगेच बदलून घेतले. त्याशिवाय सस्पेन्शनचे रबरी बुश, टायर आणि ब्रेकची होज. तिसरा भाग पहिल्या आठ महिन्यांत संपला.

आणि आनंद?

पुण्याहून ताम्हिणी घाटातून, माणगाव-महाडमार्गे गाडी आणली. वाटेत खड्डे दिसत होते, आत बसलेल्याला जाणवत मात्र फार कमी होते. अब्बांनी स्टिअरिंग धरले आणि हँडब्रेक शोधला नाही. त्या गाडीत तो पायाने दाबायचा असतो आणि डॅशबोर्डखालचा दांडा ओढून सोडायचा, हे त्यांच्या पायाला इतक्या वर्षांनीही आठवत होते. माणगावला चहाला थांबलो तेव्हा सवयीने ते उतरून मागचे दार उघडायला गेले. मागे अम्मी बसली होती. ती म्हणाली, "आता तुम्ही बसा, मी उघडते."

गाडी रोज निघत नाही. आठवड्यातून एकदा इंजिन गरम होईल इतकी फिरवतो, पावसाळ्यात घाटातून आली की खालून गोड्या पाण्याने धुतो. मोहल्ल्यातल्या दोन लग्नांत नवरी याच गाडीतून गेली. भाडे घेतले नाही.

अब्बांच्या वहीत पेट्रोलपासून वायपरच्या रबरापर्यंत प्रत्येक रुपयाची नोंद आहे. दरवर्षी ईदनंतर ती वही सर्वांसमोर उघडायची आणि गाडी ठेवायची की विकायची ते ठरवायचे, असा आमच्यात करार झाला आहे. यंदा ठेवायचे ठरले, एका मताच्या फरकाने. विकायची वेळ आलीच, तर पुण्याच्या त्या गृहस्थांचा सात दोषांचा कागद फाइलमध्ये आहे. त्यातले पाच आम्ही दुरुस्त केले. उरलेले दोन आणि नवे जे असतील ते, आमच्या हाताने लिहून घेणाऱ्याला देऊ.