डिशच्या मधोमध सावली

वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबर उजाडता उजाडता, केबलवाल्यांचे फोन खणखणू लागतात. ऐन कार्यक्रमात चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि काही मिनिटांत सगळं आपसूक सुरळीत होतं. यात डिशचा दोष नसतो. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीशी आलेला असतो आणि त्याच्या रेडिओ-गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश बुडून जातो. प्रेक्षकाला हा वैताग वाटतो. गच्चीवर मोठी फिरती डिश बसवणाऱ्याला मात्र यासारखी फुकटची कसोटी नाही.

आर्थर क्लार्कने १९४५ साली मांडलेल्या कल्पनेनुसार हे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्याच गतीने फिरतात. पुण्याहून पाहिलं तर त्यांची रांग दक्षिण आकाशात कमानीसारखी दिसली असती. पुण्याचा रेखांश सुमारे ७३.९ अंश, म्हणून ७४ अंश पूर्वेवरचे आपले इन्सॅट उपग्रह जवळजवळ नेमके दक्षिणेला, ६८ अंश उंचीवर येतात. १९९२ साली झी टीव्ही ज्यावरून सुरू झाला, तो एशियासॅट-१ होता १०५.५ अंशांवर. त्याच्यासाठी डिश दक्षिणेपासून सुमारे ६३ अंश पूर्वेला वळवून ४८ अंशांवर उतरवावी लागे. म्हणजे दिशा बदलली की उंचीही बदलते.

खोडदच्या जीएमआरटीतल्या ४५ मीटरच्या दुर्बिणी हे दोन्ही बदल वेगवेगळ्या मोटरांनी आणि संगणकाच्या हिशेबाने करतात. घरच्या बारा फुटी डिशला एकच मोटर, म्हणजे ३६ व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर, पुरतो. ही युक्ती खगोलशास्त्रज्ञांची. फिरण्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला की डिश आपोआप कमानीवरून चालते. या बैठकीला पोलर माउंट म्हणतात.

पहिलं काम खांबाचं. तो गवंड्याच्या ओळंब्याने दोन काटकोनी बाजूंनी तपासायचा, कारण खांब तिरका असेल तर पुढचे सगळे कोन खोटे. दुसरं काम उत्तर दिशेचं. महाराष्ट्रात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही. पण गच्चीतल्या सळया आणि डिशचं लोखंड होकायंत्राला फसवतं. त्यापेक्षा ओळंब्याच्या दोरीची मध्यान्हीची सावली बरी. पुण्यात खरी मध्यान्ह बाराला होत नाही. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजून गेल्यावर होते.

मग कोन. अक्षाला पुण्याच्या अक्षांशाइतका, १८.५ अंश चढ द्यायचा. उपग्रह ताऱ्यांच्या मानाने अगदी जवळ असल्यामुळे ते खगोलीय विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेला दिसतात. म्हणून डिश अक्षावर आणखी ३.२ अंश दक्षिणेकडे झुकवायची. हे डेक्लिनेशन. एवढ्यावर मधला भाग बिनचूक लागतो, पण क्षितिजाजवळ ०.४ अंशाची चूक उरते, कारण तिथे हा झुकाव २.८ अंशच हवा असतो. उपाय सोपा आहे. अक्ष १८.९ आणि डेक्लिनेशन २.८ ठेवायचं. बेरीज दोन्ही वेळा २१.७, त्यामुळे मध्य हलत नाही आणि टोकं जुळतात.

एवढा काटेकोरपणा कशाला? बारा फुटी डिशची नजर सी बँड या लहरपट्ट्यावर जेमतेम १.४ अंश रुंद असते आणि केयू बँडवर अर्धा अंश. शेजारचे उपग्रह दोन-तीन अंशांवर. चार इंची पाइपाचा बाहेरचा परीघ ३५९ मिलिमीटर, म्हणजे एक अंश म्हणजे एक मिलिमीटर. खडूची रेघ मारल्याशिवाय बैठक फिरवू नये.

बारीक जुळवणीला हात आणि सिग्नल मीटर पुरतात. आधी दक्षिणेचा उपग्रह पक्का करायचा, मग पूर्वेच्या टोकाला जायचं. डिशची कड हाताने हलकेच खाली दाबल्यावर सिग्नल वाढला, तर डिश तिथे कमानीच्या वर पाहते आहे. पश्चिमेला तिला उलट वर उचलावं लागत असेल, तर सगळी बैठक पूर्वेकडे वळलेली आहे. ती मिलिमीटरभर पश्चिमेला आणायची. दोन्ही टोकांना एकाच बाजूची चूक निघाली, तर खांब नव्हे, वरचे दोन कोन तपासायचे.

शेवटची परीक्षा सूर्याची. १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास पुण्याहून सूर्य जवळपास त्याच कमानीवरून जातो. त्या दिवशी सकाळपासून अ‍ॅक्च्युएटरने डिश सूर्यामागे नेत राहायचं. बैठक बरोबर असेल तर डिशसमोरच्या एलएनबीची, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या डबीची, सावली दिवसभर डिशच्या मधोमध पडते. सावली सकाळी एका बाजूला आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूला सरकली, तर उत्तर दिशा चुकली आहे. एक खबरदारी मात्र घ्या: डिश चकचकीत असेल तर हा प्रयोग करू नका. केंद्राशी एकवटलेल्या उन्हाने एलएनबीचं प्लास्टिक वितळतं आणि हातही भाजतो. जाळीच्या किंवा खरखरीत रंगाच्या डिशवरही एलएनबीच्या तोंडाशी हात नेऊ नये.